हात वर करा

…आणि वरून मलेच म्हणतात, चित्राताई, हात तं तुमीच वर केला! अरे बापा, केला! पण काहून केला, ते तं ऐका.

तुमाले सांगते, वर्षभर माझा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. वेणी घालायची तं पोरीले बोलवा, खुर्चीतून उठायचं तं आमच्या ह्यांनी ओढा. पापण्या जांभळ्या, बोटांच्या सांध्यांवर लाल पुरळ. अन् आपल्या मंडळातल्या बाया म्हणतात, या वयात आयशॅडो? आता आयशॅडो लावाले हात तं वर जायले पाहिजे ना!

कोणी म्हणे साबण बदलवा, कोणी म्हणे दृष्ट काढा… शेवटी समता कॉलनीतल्या देवश्री डॉक्टरनं पापण्या पाह्यल्या, बोटं पाह्यली, अन् म्हणे, "आंटी, हाथ टेके बिना उठिए." मी कुठची उठते? म्हणे हा डर्मॅटोमायोसायटिस, लाखात एखाद्याले होते, आपलंच शरीर आपल्याच कातडीवर अन् स्नायूंवर उलटते. मी रडलीच हो. म्हटलं, डॉक्टर, माझा हात वर होईन का?

"होगा आंटी. टाइम लगेगा."

मग काय, स्टेरॉइडच्या गोळ्या, उन्हात जायची बंदी, वरून व्यायाम. गोळ्यांनी तोंड असं फुगलं का लोक म्हणे, वा, तब्येत सुधरून राहिली! अन् आमची पोरगी मीनल, इकडंच हिंदी शाळेत शिकलेली! भिंतीवर टिकली चिकटवते, "आई, यहाँ तक." मी बोटं सरकवत सरकवत तिथं पोचली, का पोट्टी टिकलीच वर नेते! सासूनं एवढं छळलं नाही मले.

अन् परवा गणपतीची मीटिंग. अंबाड्याची पिन सुटली म्हणून मी सहज हात नेला… अन् गेला! डोक्याच्याही वर, सरळ पंख्याकडे! दुसरा नेला, तोबी गेला! मी दोन्ही हातांकडे पाहूनच राहिली, डोळ्यांतून धारा. जिंकली म्हटलं मी, जिंकली!

अन् तेवढ्यात टाळ्या. आमचे अध्यक्ष गुलाबराव विचारून राहिले होते, साऱ्या मंडळाचे मोदक कोण करणार, हात वर करा.

"चित्राताईंनी तं दोन्ही वर केले!"

मीनल कानात म्हणे, "आई, नीचे करो!" पण वर्षभरानं वर गेलेला हात, तुमीच सांगा, खाली कोण करते?

बरं, चला. नारळ खवाले कोण येते? हात वर करा.

…काहून? तुमचेबी जात नाहीत का?