डब्याबाहेरची पंखेवाली

(वाराणसी, दूधविनायकाच्या गल्लीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची दुपार.)

मधुरा : आई, माझ्या कपाटावर पांढरा खोका होता, तो कुठंय?

शरदिनी : कोणता ग?

मधुरा : जुन्या ओढणीत गुंडाळलेला. पुढं प्लास्टिकची खिडकी आणि आत बाहुली.

शरदिनी : ती होय! ती तर गौरीपुढे उभी आहे केव्हाची. तू बँकेतून आलीस ती तडक कपाटाकडे. आधी बैठकीत जा, आरास बघ. म्हटलं मधुरा खूश होईल.

मधुरा : उभी आहे म्हणजे? खोक्यातून काढली तुम्ही?

शरदिनी : खोक्यात बसून ती गौरीला वारा कसा घालणार? हातात पंखा आहे तिच्या. चैत्राचं ऊन बघ काय पडलंय. दरवर्षी मी म्हणायची, सगळं आहे आपल्याकडे, लाकडी हत्ती आहे, खोजवाँ बाजारातले लाकडी बाजेवाले आहेत, पण वारा घालायला कोणी नाही. आणि ही दोन वर्षं घरात बसून आहे, हातात पंखा घेऊन!

मधुरा : आई... हिच्या कपाळाला कुंकू आहे.

शरदिनी : हो, मग? सगळ्यांनाच लावलं. हत्तीलाही लावलं. हिला एकटीला सोडायची का, घरातलं नवीन माणूस?

मधुरा : हळदपण.

शरदिनी : हळद आधी, मग कुंकू. तुमच्या साताऱ्यात उलटं असतं का?

मधुरा : आई, ती सीलबंद होती! तुम्ही सील फाडलंत.

शरदिनी : सील कुठलं, चिकटपट्टी होती साधी. नखाने निघाली.

मधुरा : त्या चिकटपट्टीचीच तर किंमत होती. नवी होती ती.

शरदिनी : मग आता काय जुनी झाली? सकाळी नऊला तर काढली.

मधुरा : हो. नऊ वाजून एक मिनिटानं ती सेकंडहँड झाली.

शरदिनी : माझा हात लागला म्हणून? अगं, आंघोळ करून, सोवळं नेसून काढली मी तिला. त्या कारखान्यातल्या लोकांनी तरी एवढं केलं असेल का?

मधुरा : तुम्हाला हसू येतंय. चार वाजता नीरजाताई येणार आहेत.

शरदिनी : त्या युनिव्हर्सिटीतल्या? येऊ दे की. हळदीकुंकवालाच बोलावलंय ना तू?

मधुरा : हळदीकुंकू हे निमित्त. त्या ही बाहुली न्यायला येतायत. बदल्यात त्यांच्याकडची एक मला देणार आहेत. वर्षभर मागे लागले होते मी त्यांच्या. विकत देईनात. म्हणाल्या, पंखेवाली सीलबंद आणून दे, तर विचार करीन. दोनशेच काढल्या होत्या कंपनीनं. आता कुठं मिळत नाहीत. माझ्याकडं होती.

शरदिनी : आणि त्यांच्याकडची कशी आहे?

मधुरा : जुनी. चाळीस वर्षांची असेल. नऊवारीतली. एका पायात चप्पल नाही, कानाचा टवका उडालाय.

शरदिनी : थांब, मला नीट समजू दे. नवी द्यायची आणि फुटक्या कानाची घ्यायची? मधुरा, बर्तनवाली येते ना दुपारची, तीसुद्धा जुन्या साड्या नेते आणि नवं भांडं देते. तू तर तिच्याही वरची निघालीस, उलटी!

मधुरा : हे बघा. हा फोटो. चेहरा बघा फक्त.

शरदिनी : चष्मा दे. हं... अगं बाई.

मधुरा : काय?

शरदिनी : हिनं आत्ताच कोणाची तरी चुगली ऐकलीय. आणि सांगायची नाही म्हणून ओठ दाबून बसलीय.

मधुरा : तेच! त्या वेळी चेहरे हातानं रंगवायचे. एकीसारखी दुसरी नाही. कोण बाई होती रंगवणारी, कुणाला माहीत नाही, पण हिचे डोळे करताना तिचं चित्त दुसरीकडं होतं, म्हणून ते असे तिरके गेले. आता मशीनवर छापतात. दोनशेच्या दोनशे सरळ समोर बघतात, पासपोर्टच्या फोटोसारख्या. मला ही पाहिजे होती, आई. ही एकच. इथं आल्यापासून मी कुणाकडं काही मागितलं नाही.

शरदिनी : तू सांगितलं का नाहीस मला?

मधुरा : तिशीच्या बाईनं सासूला काय सांगायचं, माझ्या बाहुलीला हात लावू नका म्हणून?

शरदिनी : ...चूक झाली ग माझी.

मधुरा : राहू द्या.

शरदिनी : खोबरेल तेलाने पुसून बघू?

मधुरा : हात नका लावू! हळद प्लास्टिकला धरते. पुसली की पसरेल.

शरदिनी : मग पदर जरा पुढे ओढू कपाळावर, खोक्यात घालू आणि वरून पट्टी लावू. तुझ्या नवऱ्याच्या टेबलात आहे ती चकचकीत पट्टी. बाईंना काय कळतंय?

मधुरा : त्यांना सगळं कळतं, त्या भिंगानं बघतात. आणि नसतं कळलं तरी मी नसतं केलं. तुमचा फोन वाजतोय का माझा?

शरदिनी : तुझा.

मधुरा : हॅलो... हो, ताई. मैदागिनच्या चौकापासून चालत आलात? बरं बरं. ते विनायकाचं देऊळ दिसतंय ना, त्याच्या समोरचा जिना. डोकं सांभाळून या... आई, आल्या त्या. कसं सांगू मी?

शरदिनी : तू नको सांगूस. हात माझा होता, तोंडही माझंच पाहिजे.

नीरजा : काय गल्ली आहे हो ही! एका सांडाला वाट द्यायला मी दहा मिनिटं साडीच्या दुकानात उभी होते. शेवटी दुकानदार म्हणतो, बहनजी, एक तो ले ही लीजिए.

शरदिनी : या, या. घेतली का मग?

नीरजा : नाही जी! आज मी फक्त एकच वस्तू न्यायला आले आहे. नमस्कार, काकू.

शरदिनी : नमस्कार. बसा. नीरजाताई, पन्हं देण्याआधी सांगते, म्हणजे घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमची ती एकच वस्तू मी सकाळी उघडली. सुनेला ठाऊक नव्हतं, ती बँकेत होती. आणि उघडून नुसती ठेवली असंही नाही, हळदकुंकू लावलं. ती बघा, गौरीच्या उजव्या हाताला.

नीरजा : ...अच्छा.

मधुरा : सॉरी, ताई. तुम्ही निघण्याआधी कळवायला हवं होतं, पण मलाच आत्ता कळलं.

नीरजा : सत्त्याऐंशी नंबर होता ना हिचा?

मधुरा : हो. दोनशेपैकी सत्त्याऐंशी.

नीरजा : मग आज जमणार नाही, मधुरा. वाईट वाटून घेऊ नकोस. माझा नियम आहे, उघडलेली मी घेत नाही. एक अपवाद केला की मग संग्रह राहत नाही, अडगळ होते.

मधुरा : कळतं मला. तुमची मात्र चक्कर झाली उन्हात.

शरदिनी : मला नाही कळत. रागावू नका, विचारते आहे. एवढीशी पट्टी निघाली तर काय गेलं तिचं? नाक गेलं की डोळा गेला?

नीरजा : काकू, आम्ही चार बहिणी. नागपूरला. मी चौथी. फ्रॉक तीन जणींचा घालून झाला की माझ्याकडे यायचा. पुस्तकांवर तीन नावं खोडलेली असायची, चौथं माझं. बाहुली आली तेव्हा तिला एक हात नव्हता आणि केस मोठ्या ताईनं कापून ठेवले होते. नोकरी लागल्यावर मी ठरवलं, जे घ्यायचं ते कोरं. माझ्याआधी कुणाचा हात नको.

शरदिनी : असं होय. मग बरोबर आहे तुमचं. मी तर जन्मभर दुसऱ्यांचंच वापरत आले. ही गौर बघा. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंची. त्यांनाही कुणी दिली असेल. आमच्या घरात सगळ्यात सेकंडहँड हीच, आणि मखरात बसते!

मधुरा : आई!

शरदिनी : खोटं आहे का? बरं, व्यवहार गेला तो गेला. हळदीकुंकू तर घेणार ना?

नीरजा : घेते. पण काकू, मी लग्न केलेलं नाही. चालतं ना?

शरदिनी : न चालायला काय झालं? कुमारिकेला तर आधी मान.

नीरजा : सत्तेचाळीसची कुमारिका!

शरदिनी : गौर कुठं वय विचारते? ती स्वतः महिनाभर माहेरी आराम करायला आलीय. या अशा पुढं. ओटीला भिजवलेले हरभरे आहेत, पदर सांभाळा. आंब्याची डाळ मधुरानं केलीय, काल रात्री भिजवून. मिरची साताऱ्याची आहे, पन्हं जवळ ठेवा.

नीरजा : काकू, ही अशी ताठ का उभी आहे? हिच्या पाठीला हे काय लावलंय?

शरदिनी : गत्ता आहे, खोक्यातला पुठ्ठा. मी कुठं लावला, त्याच्यासकटच निघाली. हातापायांना, कमरेला, सगळीकडे प्लास्टिकचे दोरे बांधलेत मेल्यांनी. कैंची नेमकी सापडली नाही. म्हटलं राहू दे, पाठीला आधार आहे.

मधुरा : म्हणजे तुम्ही तिला सोडवलीच नाही?

शरदिनी : कपाळ मोकळं होतं, मला तेवढं पुरलं.

नीरजा : बारा ठिकाणी असतात. मानेचा सगळ्यात शेवटी कापायचा, नाहीतर डोकं पुढं पडतं. मी व्हिडिओ बघते ना रात्री, लोक उघडतात ते.

मधुरा : तुम्ही स्वतः किती उघडल्यात?

नीरजा : एकही नाही. एकसष्ट आहेत माझ्याकडं, सगळ्या बंद.

शरदिनी : आणि लहानपणी तर आधीच उघडलेली यायची.

नीरजा : हो.

शरदिनी : म्हणजे नवी बाहुली तुला अजून मिळालीच नाही की ग. मधुरा, ती तुझी कात्री आण. पर्समधली, नखांची. आण लवकर. घे, नीरजा. तूच काप.

नीरजा : मी? नको, काकू. ही मधुराची आहे.

मधुरा : कापा, ताई. मलापण उघडायची नव्हती, तुमच्यासाठीच ठेवली होती. पट्टी आईंनी काढली असेल, पण आत हात कुणाचाच लागलेला नाही.

नीरजा : थांबा, आधी पदर खोचते... एक. हे पायांचे दोन. तीन. हिचे पैंजण बघितलेस? खिडकीतून दिसतच नाहीत हे. चार. पाच. कमरेचा घट्ट आहे.

शरदिनी : हळू. घाई नाही कोणाला. गौर अक्षय्यतृतीयेपर्यंत आहे.

नीरजा : नऊ, दहा. हा पंख्याच्या हाताचा. अकरा... अगबाई! हात वाकला हिचा. कोपरातून वाकतो! माहितीपत्रकात लिहिलं होतं 'हलणारा हात', मी पाठ करून ठेवलंय ते. पण हा एवढा वाकतो, असं नव्हतं लिहिलं.

मधुरा : मान धरू का मी?

नीरजा : नको नको, मी धरते. बारा. वास घे, मधुरा. नवा वास आहे अजून आत.

शरदिनी : आता लागला गौरीला वारा. मघापासून नुसता हात वर करून उभी होती, ट्रॅफिक पोलिसासारखी.

नीरजा : हे कुंकू निघत नाही ना?

मधुरा : नाही, ताई. हळद तर मुळीच नाही. डाग राहणार.

नीरजा : राहू दे. यादीत लिहीन. सत्त्याऐंशी, कुंकवासह. बाकीच्या एकशे नव्व्याण्णव जणींकडं नसेल... मधुरा, माझी ती पिशवी दे इकडं. ही घे तुझी.

मधुरा : पण ताई, तुमचा नियम?

नीरजा : माझा नियम होता, माझ्याआधी कुणी उघडलेली नको. ही मी उघडली. काकूंनी फक्त पट्टी काढली.

मधुरा : आई, बघा. बघा हिचे डोळे. फोटोत निम्मेपण आले नव्हते.

शरदिनी : अरे राम! ही तर माझ्याकडेच बघतेय. हिला कळलंय आज घरात काय काय झालं ते. बस बाई, खा डाळ तूही. कुंकू लावू का हिला, मधुरा? विचारून लावते. आता मी शिकले.

मधुरा : लावा. हिला चालतं. हिनं सगळं बघितलंय आयुष्यात.

नीरजा : मग मी निघू? अंधाराआधी मैदागिनला पोचते. हिला कशात बांधून नेऊ? खोका आहे ना तो?

शरदिनी : नेऊ? आत्ता?

नीरजा : का? नको?

शरदिनी : आमच्याकडे आरास अशी मधूनच मोडत नाहीत ग. गौर गेली की मग सगळे आपापल्या घरी. एकदा उभी केली ती तोवर उभी.

मधुरा : आई, त्या एवढ्या लांबून आल्यात.

शरदिनी : मी काय करू? मी बनवला का नियम? सासूबाईंच्या सासूबाईंनी बनवला. यांचा मोडला, माझाही मोडायचा का?

नीरजा : नाही, नाही, काकू. बरोबर आहे तुमचं. फक्त... आत्ताच सोडवली तिला. अजून केससुद्धा विंचरले नाहीत.

शरदिनी : मग ये की विंचरायला. कोण अडवतंय?

नीरजा : येऊ? मंगळवारी माझा एकच तास असतो. साडेअकराला मोकळी होते मी.