थोरलं घर कोणतं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, कीता नगरीच्या उपमहापौरबाई, व्यासपीठावरचे वडीलधारे आणि समोर पंखे हलवत बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

मकान कुलिबाली आज आपल्या ध्वनिसंग्रहातून निवृत्त होताहेत. अकरा वर्षं हा माणूस यंत्र खांद्याला लावून गावोगाव हिंडला आणि म्हाताऱ्यांचे आवाज संगणकात साठवत राहिला. त्यांचं कौतुक करायला मला उभं केलंय. करते, पण माझा पार गोंधळ उडालाय, तो आधी ऐका.

आम्ही जेली. कुळांची नावं गाणं हा आमचा पिढीजात धंदा. आमच्या गावात मुखियाच्या कुळाची दोन घरं, एक वरच्या आळीत, एक खालच्या. माझे वडील फामोरो वरच्या आळीत गायले, की वरचं घर थोरलं. खालच्या आळीत गायले, की खालचं! समोर बसलेल्याचा मान राखायचा, ही आमची रीतच. शब्द हवेत विरायचा, दोन्ही घरं खूश. कुणाचं काय बिघडत होतं?

मकानदादांनी दोन्ही गाणी टिपली, आणि ती सगळ्यांच्या मोबाईलवर पोचली. आता गावचा मुखिया वारलाय. नवा नेमायचा तो थोरल्या घरातूनच, येत्या शुक्रवारी. दोन्ही घरं माझ्याच वडिलांचा आवाज वाजवून एकमेकांच्या अंगावर धावताहेत. बाबा तर गेले. सगळे मला विचारतात, "बिंतां, खरं कोणतं?"

मी मकानदादांकडे धावले. कुलिबालींना चवळीखाऊ म्हणून चिडवायचा आमच्या कुळाचा जुना थट्टेचा हक्क, तो वापरूनच ओरडले, "अहो चवळीखाऊ, हे काय करून ठेवलंत?"

"वा गं वा! दोन तोंडांनी गायला तुझा बाप, आणि शिव्या मला?"

हसताय तुम्ही, पण मला रडू फुटलं होतं. मग त्यांनी तिसरं ध्वनिमुद्रण काढलं. बाबांना एकट्याला खोलीत बसवून त्यांनी हेच विचारलं होतं. पंख्याची घरघर, खोकला, आणि मग बाबा म्हणाले, "मकान, समोर कुणी नाहीच. गाऊ कुणासाठी?" बस्स, एवढंच.

बाबा खोटं बोलले का? दादांनी आमचं भलं केलं, की वाटोळं? खरंच कळत नाही हो. पण तो खोकला मी रोज ऐकते. ते उपकार कसे फेडू?

शुक्रवारी दोन्ही घरं एकाच चटईवर बसतील. बाबांनी तसं कधी होऊच दिलं नव्हतं. मी उभी राहून म्हणणार आहे, "मला माहीत नाही." जेलीच्या तोंडून हे आजवर कुणी ऐकलेलं नाही, आणि ते टिपायला मकानदादा तिथे नसतील.

दादा, सुखात राहा. मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. दोन्ही घरची माणसं याच सभागृहात आहेत. जीभ घसरली असेल तर दंड मला करा, माझ्या बापाला नको.