‘शेवटचा बाक’ कोण?

नाही, नाही, बसा ना तुम्ही, पण तो लॅपटॉप आधी मिटा. मिटलात? बरं. म्हणजे शिक्षकांना ऑनलाइन शिकायला काय काय उपयोगी पडतं, ते गोळा करत फिरताय असं म्हणता. ट्रेनिंग विभागातून. आणि शिक्षकखोलीत इतकी माणसं असताना नेमकी मीच सापडले? निवृत्तीला आलेली गणिताची बाई? नाव कुणी सुचवलं माझं — हेडबाईंनी? त्या सुचवणारच. मागे असाच एक जण आला होता, तोंडात साखर घोळवत — ‘नुसती माहिती हवीय, बाई’ — आणि पुढच्याच महिन्यात सगळ्यांच्या माथी कोर्स मारले. सक्तीचे. काय होतं त्यात? मागे संगीत, पुढे टाय लावलेला माणूस, आणि अध्यापन हा एक प्रवास आहे म्हणे. शेवटी प्रश्न, चुकला तर पुन्हा टिचकी मारायची, कधीतरी बरोबर लागतंच. मी भाजी निवडता निवडता प्रमाणपत्र मिळवलंय एक. कशाचं? ते नाही आठवत.

म्हणजे सगळंच टाकाऊ आहे का? तसं नाही म्हणत मी. एक आहे. साधीच साइट आहे, दिसायला तर अगदीच गबाळी. शिक्षकांनी आपल्या तासाचा व्हिडिओ टाकायचा — मुलांचे चेहरे दिसू द्यायचे नाहीत, नुसता फळा आणि आपण — आणि बाकीच्या शिक्षकांनी तो बघून खाली लिहायचं. खरी नावं नाहीत, टोपणनावं. मी अपूर्णांकांचा तास टाकला. चित्रकलेच्या बाईंनी मागे उभं राहून मोबाइलवर घेतला होता. कौतुक होईल असं वाटलं होतं, का नाही वाटणार? सहावीला अपूर्णांक शिकवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं हेडबाईसुद्धा म्हणतात.

आणि खाली एकच अभिप्राय. ‘शेवटचा बाक’ नावानं. ‘तुम्ही प्रश्न विचारता आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही देता. वर्ग तुमच्या प्रश्नाकडे बघतच नाही, उत्तराची वाट बघतो.’ — अंगाचा तिळपापड झाला हो! कोण हा शहाणा? आणि तास पाहिला कुणी होता? चित्रकलेच्या बाईंनी. म्हणजे त्याच! इतकी वर्षं एका कपाटात डबे ठेवतो आम्ही, आणि हे असं पाठीमागून? मी बोलणंच टाकलं. डबा उचलून खिडकीकडे जाऊन बसले. शेवटी त्याच आल्या, म्हणाल्या, ‘अहो, मला गणित कळलं असतं तर मी चित्रकला कशाला शिकवली असती?’ बिचाऱ्यांना त्या साइटवर शिरायचं कसं तेही माहीत नव्हतं.

पण मनात ठिणगी पडली ना. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक पंचमांश? आणि गप्प बसले. अवघड असतं हो गप्प बसणं, माझ्यासारखीला तर फारच, ओठ दाताखाली धरून उभी होते. मग एक मुलगी उठली, वर्षभर अक्षर न बोललेली, म्हणाली, ‘पंचमांश. पाच मोठे असतात ना?’ आणि निम्मा वर्ग मान डोलावतोय! मी चाटच पडले. म्हणजे इतके दिवस मी पुढे पुढे चालले होते आणि मुलं मागे तिथंच उभी. मग कागदाच्या पट्ट्या कापल्या, घड्या घातल्या, पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. तोही तास टाकला. बघावं म्हटलं आता काय खोट काढतो ते.

काढलीच. पण त्याआधी लिहिलं होतं, ‘आज छान थांबलात.’ आणि खाली — ‘फक्त कोपऱ्यात बारीक लिहू नका, फळा रुसतो.’

फळा रुसतो. असं कोण म्हणतं? तुम्ही म्हणता? कुणीच नाही म्हणत. आमच्या घरात म्हणायचो. माझी लेक लहानपणी दारामागच्या फळ्यावर कोपऱ्यात खडूनं गिचमिड करायची, तेव्हा मी म्हणायचे. ती आता एका ऑनलाइन धडे बनवणाऱ्या कंपनीत आहे, दूर. शाळेतली नोकरी सोडून गेली तेव्हा मी बोलू नये ते बोलले — शिकवण्याचं दुकान मांडायला निघालीस, म्हणून. तेव्हापासून फोन येतो, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, संपलं.

मग विचारलं का तिला? नाही. कशाला विचारू? विचारलं की थांबायची. आणि मला अजून कळत नाही, हे ती आईसाठी लिहिते, की कंपनीनं बसवलंय तिला असे व्हिडिओ बघायला, आणि मी कोण ते तिच्या गावीही नाही. पण माझा आवाज नाही ओळखणार ती? आता दर आठवड्याला तास टाकते मी. परवा लिहिलं होतं, ‘खोकला अजून आहे वाटतं.’ — रडत नाहीये मी, खडू गेलाय डोळ्यांत.

साइटचं नाव? म्हणजे तुम्ही ते यादीत घालणार, हेडबाई ती सक्तीची करणार, शंभर जण येऊन ‘फार सुंदर’, ‘फार सुंदर’ लिहीत बसणार. त्या गर्दीत ती राहील? नाही सांगणार. आणि काय हो, तुम्हाला तिनंच तर नाही ना पाठवलं? मग मान खाली का घातलीत? — नको, काही बोलू नका. उठा. तास आहे माझा. उठा म्हणते ना.