दोन नावांमधली रेघ

—न्हाय न्हाय, बसू नका ताई, उभ्यानंच ऐका. हितं बसाय जागा कुठं हाय, सगळं गाठोड्यात बांधलंय. कुठं चाललीस म्हणता? ते मी आता तुमाला सांगीन व्हय? तुमाला सांगितलं म्हंजी साऱ्या जिल्ह्याला सांगितलं. पाणी पायजे तर घ्या, माठात हाय. पाण्याला न्हाय म्हणणार न्हाय मी.

पोरगी? निजलीय आत, हळू बोला. ताप न्हाय आता—तरी मी सारखा तिच्या कपाळाला हात लावते, झोपंत दचकली तरी वाटतंय, आली आकडी. त्या आकडीपायीच तर तुमच्या संस्थेच्या दारात आलते मी. डॉक्टर म्हणले, बापाच्या घरात कुणाला ल्हानपणी तापात आकडी यायची का, इचारून या. आता कुणाला इचारू? कोडोलीला फोन लावून सासूला? जिच्या पोराचा मार चुकवून, पोरगी पोटाशी धरून मी हितं शिरोलीत आले, तिला? मग तुमीच म्हणालासा, अगं मोना, आपल्या फोनमधी एआय आलंय, संस्थेच्या कोडोलीच्या केंद्राची माहिती बी हाय त्यात, त्याला इचारू की. आन् दावलंसा मला—गोल गोल ठिपके, ठिपक्याला माणसाचं नाव, मधी रेघा. कोण कुणाची सून, कोण कुठं ऱ्हातंय, कुणाला काय दुखणं. ते एआय म्हणं ह्या ठिपक्यावरनं त्या ठिपक्यावर रेघंरेघंनं जातंय आन् उत्तर घिऊन येतंय. मी सातवी शिकलेली, पर मला बी कळलं बघा, रांगोळीगतच की.

पर माझ्या ठिपक्यापासनं कोडोलीला रेघच न्हवती. का? तर हितं मी मोना, म्हायेरचं नाव. आन् कोडोलीतली ती राजनंदिनी. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं त्यांनी, तवापासनं त्या घरात मोना म्हणून कुणी हाक मारली न्हाय—ध्यानात तरी हाय का कुणाच्या. तुमच्या त्या एआयला वाटलं, ह्या दोन बाया हाईत. वाटू द्यायचं हुतं की तसंच! त्या दोन नावांच्या मधीच तर लपले हुते मी. तुमी इचारलंसा, सासरचं नाव काय? मी म्हटलं, ताई, हे कुणाला कळंल का वो? तुमी माझ्या डोक्यावरनं हात फिरवला—फिरवला का न्हाय, सांगा—आन् म्हणालासा, येडी का काय तू, हे आपल्या दोघीतच. आन् ओढली रेघ. मोना तीच राजनंदिनी.

उत्तर मिळालं, न्हाय म्हणत न्हाय मी. पोरीच्या आत्याला यायची आकडी, मोठी झाली तशी थांबली. मी रडले तवा, तुमच्या पाया पडले. पर त्या रेघंवरनं तिकडनं बी कोण चालत यील, हे का सांगितलं न्हाय? काम झाल्यावर पुसायची न्हवती? काय? विसरलासा? माझी पोरगी विसरायची गोष्ट हाय व्हय, ताई?

बाळासो, माझा दीर, जाऊन बसला तुमच्या कोडोलीच्या केंद्रात. म्हणाला, वैनी घर सोडून गेली, पोरीची काळजी वाटती. वाटती म्हणं! आन् तिथल्या बाईनं इचारलं त्याच एआयला, राजनंदिनी कुठं हाय. झालं—राजनंदिनी म्हंजी मोना, मोना शिरोलीत फौंड्रीत कामाला, ती कामावर गेली की पोरगी शेजारच्या नजीराभाभीकडं. पोरगी दिवसभर कुणाजवळ असती ते बी! ते बी मीच सांगितलंतं तुमाला, चहा पिता पिता. काल मी कामावर, आन् ह्याची जीप भाभीच्या दारात. भाभी म्हणली, कोण राजनंदिनी? ही तर माझी नात. कडंवरची खाली ठिवली न्हाय तिनं. तर हा म्हणतो कसा, उद्या आईला घिऊन येतो, ती वळखंल नातीला. उद्या म्हंजी आज, ताई. म्हणून ही बांधाबांध.

आन् आता त्या फोनवर बोटं काय फिरवता? पुसताय? पुसा—न्हाय, थांबा. थांबा जरा. कोणी कोणी इचारलंतं ते दिसतंय का त्यात? दिसतंय? मग एक बघा. विश्वजितनं इचारलंय का. पोरीच्या बापानं. एकदा तरी. न्हाय, मला जायचं न्हाय तिकडं, तसं न्हाय वो—मेले तरी जायची न्हाय—नुसतं, पोरगी कशी हाय, ताप उतरला का, एवढं तरी...

बाळासोच? नीट बघा की.

नुसता बाळासो.

बरं. मिटा तो फोन. रिक्षा आली वाटतं. सरका ताई, दारातनं सरका.