पूनमची स्पर्धा आन् माह्यं रडणं

माह्यं नाव रुखमा. आमचा तांडा राळेगावच्या आत, बस फाट्यावर सोडून देते, तिथून पायी. आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलुख फिरत, असं सांगतेत, आता घरं बांधून बसलो, वावर करतो. मी शाळेचं तोंड नाई पाह्यलं. घरात आमची गोरबोली, बाजारात मराठी, आन् इंग्रजी म्हणाल तर मोबाईलवर कोणाचं नाव आलं तेबी मले पोरीले विचारा लागते. आन् माह्यीच पूनम, सहावीतली, इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग सांगायच्या स्पर्धेत यवतमाळले जाऊन आली, आता बोला!

तिची तयारी तरी कुठं झाली? वावरात. रविवारी माह्यासंगं कापूस वेचायले येई, कमरेले ओटी बांधून, आन् एक-एक अक्षर तोंडानं म्हणत जाई. शेजारच्या ओळीतल्या बाया हासत, म्हणत का पूनम, कापसाले मंतर मारून राह्यली का? मले त्यातलं काही समजत नव्हतं. पण शब्द येत असला का तिचा हात भराभर चाले आन् अडली का हात बोंडावरच थांबे. मग मी म्हणो, हा कच्चा आहे बाई, पुन्हा म्हण. ती चिडे, म्हणे याडी, तुले काय समजते? आमच्यात आईले याडी म्हणतेत.

आता आमच्यातलं एक सांगते, नाईतर पुढचं तुमाले उमजणार नाई. आमच्या बाया लई दिवसानं भेटल्या का एकमेकीच्या गळ्यात पडून रडतेत, सुरात, नावं घेऊन, जुन्या आठवणी काढून. दुःखच असलं पाहिजे असं काही नाई, आनंदातबी तसंच. मी माहेरी गेली आन् माह्या गळ्यात कोणी रडलंच नाई, तर मले वाटन का आता मी यांची कोणी नाई राह्यली.

तर शाळेतल्या स्पर्धेत पूनम पहिली आली. मले बोलावलं होतं. ती स्टेजवरून खाली उतरली, मी धावली, गळ्यात पडली आन् लावला सूर. काय सांगू तुमाले, सारी शाळा उभी झाली! शिपाई पाणी घेऊन पळत आला, मॅडम म्हणे बाई, धीर धरा, कोण वारलं? मी रडत रडत म्हणून राह्यली का कोणी नाई वारलं, पोरगी पहिली आली, तर कोणाले खरंच वाटेना. पूनम लालेलाल झाली. मग कितीतरी दिवस वर्गातल्या पोट्ट्या तिच्यामागं माह्या सुरात रडून दाखवत.

मग यवतमाळले जिल्ह्याच्या स्पर्धेले जायच्या आधी ती मले म्हणे, याडी, तू ये, पण तिथं तसं रडू नको. मी हो म्हटलं. पण मनाले लागलं, खोटं कायले बोलू. आज रडणं नको म्हणते, उद्या बोली नको म्हणन, परवा चारचौघात याडी म्हणायची लाज वाटन. शिकवा, पुढं पाठवा, आन् मग ती पोरगी आपली राह्यते का नाई, हे कोण सांगन? हे मी कोणाजवळ बोलली नाई, तिच्या बापाजवळबी नाई.

यवतमाळचा हॉल मोठा, पंखे, माईक, बूट घातलेले पोट्टे. मी मागं बसली, पदर आधीच तोंडात धरून. एक-एक पोट्टं गळत गेलं, माह्यी पूनम उभीच. शेवटी ती आन् एक पोरगा राह्यला. तिच्या फ्रॉकच्या काठाशी बोटं चालू होती, कापूस वेचतात तशी. शब्द आला आन् बोटं थांबली. मले तिथंच कळलं, माय, हा कच्चा आहे.

पूनम दुसरी आली. तरीबी केवढ्या टाळ्या! ती खाली आली, तोंड आवळून, माह्यापुढं उभी राह्यली. मी पदर दातात घट्ट धरला, डोळ्यातलं पाणी काही माह्यं ऐकेना, पण सूर नाई काढला. म्हटलं, शब्द दिला आहे पोरीले. ती पाहून राह्यली, पाहून राह्यली. मग म्हणे, याडी, रड ना. आन् माह्या उत्तराची वाट न पाहता तीच माह्या गळ्यात पडली आन् तिनंच सूर लावला, याडीऽऽ म्हणून, साऱ्या हॉलसमोर! मग मले कोण थांबवते?

पर्सवाली एक बाई धावत आली, म्हणे काय झालं, कोणी गेलं का? पूनमनं डोळे पुसले आन् तिले म्हणे, नाई काकू, ही माह्यी याडी आहे, तिले लई आनंद झाला, आमच्यात आनंदात असंच रडतेत. ती बाईबी मग डोळे पुसत बसली.

आता पूनम सातवीत जाईन, मले पुढं वसतिगृहात ठेवा म्हणते. ठेवू. जीव तुटते, पण ठेवू. देवी मेरामा तिचं भलं करो. जाय बाई, कोणत्याबी मुलखात जाय, कोणतीबी भाषा बोल, पण तुह्या गळ्यात पडून रडन असं एखादं माणूस तुले जाशील तिथं भेटत राहो.