आठची उपासना

नाही नाही, पाटीच्या खालच्या ओळीला नका हात लावू अजून — आधी वरचं देवळाचं नाव करून घ्या, बळीरामभाऊ. हो, आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो — काहून हसून राहिले? तुम्ही वरुडकडचे ना? बोलण्यावरून लगेच कळलं, नाहीतर या हिंदी मुलखात, सिव्हिल लाइन्समध्ये मराठी बोलणारा पेंटर मला कुठून भेटायचा. माझी लेक विनतासुद्धा मी मराठीत विचारलं की हिंदीत सांगते. समजतं तिला सगळं. समजतं, बोलत नाही.

ती ओळ वाचली ना तुम्ही? 'मराठी उपासना, सकाळी आठ.' ती पुसायची आणि तिथं 'रिछाई मंडळी, सकाळी आठ' लिहायचं — हो, वेळ तीच. पाळकसाहेब एकच, दोन ठिकाणी कसे उभे राहतील? रिछाई म्हणजे ती गावाबाहेरची कारखान्यांची वस्ती; तिथले लोक कामगार, रविवारीही दहाची पाळी. साहेब इथलं आटोपून तिथं पोचेपर्यंत त्यांची निघायची वेळ होते. एका शेडमध्ये सतरंजी अंथरून बसतात बिचारे. चांगले लोक आहेत हो. ही भिंत पाहा, चुना त्यांनीच येऊन मारला. नाताळात आमच्या हिंदी उपासनेला गाणारं कोणी उरलं नव्हतं, तर तेच ढोलक घेऊन आले. तेव्हापासून या देवळातही जरा जीव आला. कमिटीनं ठरवलं ते बरोबरच आहे. कमिटीनं म्हणजे — सगळ्यांनी.

पूर्वी आठला बाकं पुरायची नाहीत, खरं सांगते. मग राज्यं नव्यानं आखली, नागपूर मराठी राज्यात गेलं, आमचं शहर इकडंच राहिलं, ऑफिसं गेली, ऑफिसांबरोबर आमची निम्मी मंडळी गेली. आमचे हे राहिले. शरच्चंद्र नाव यांचं — पेटी वाजवायचे. बदली मागा म्हटलं, तर म्हणाले, मी गेलो तर इथं सूर कोण धरील? मग काय, राहिलो. एकेक घर रिकामं होत गेलं, हे पेटी वाजवत राहिले. गेल्या वर्षी तेही गेले.

मग मी एकटीच उरले आठला. एकटी म्हणजे एकटीच, भाऊ. साहेब म्हणायचे, 'मंडळीनं उभं राहावं' — मी उभी राहायची. 'मंडळीनं बसावं' — मी बसायची. भिंतीकडची जागा आमच्या यांची, ती सोडून. कधी माझं मलाच हसू यायचं. पण तेवढा वेळ कोणीतरी माझ्याशी मराठीत बोलायचं ना —

अहो, ब्रश गळून राहिला तुमचा. डब्यात ठेवा.

एका रविवारी अंगात ताप होता, निघायला उशीर झाला. आता कशाला थांबतील साहेब, असं म्हणत दारातून नुसतं डोकावले — तर ते रिकाम्या बाकांसमोर वाचून राहिले होते. मी मधेच आले तर उपासना चालू असावी म्हणून. 'मंडळीनं उभं राहावं,' म्हणाले, आणि थांबले. माणसाला गुडघ्यावर हात टेकून उठायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढं थांबले. माझे गुडघे ठाऊक आहेत त्यांना. आणि बाहेर रिछाईचा एक माणूस सायकल धरून उभा. तिकडं लोक जमले होते, हा साहेबांना न्यायला आला होता, पण आत बोलवायला धजत नव्हता. मला पाहून नमस्कार केला त्यानं. घाईचा नाही, चांगला सावकाश.

पुढच्या मीटिंगमध्ये आठच्या वेळेचा विषय निघाला. विधवा बाईची उपासना बंद करा असं तिच्यासमोर कोण म्हणणार? म्हणून मीच म्हटलं. हो, मीच. हिंदीत म्हटलं — मराठीत जीभ वळली नसती.

रिछाईला? जाईन की. सतरंजीवर बसवत नाही मला, तर साहेब म्हणाले, खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी, कुठं ठेवू? मी सांगितलं, भिंतीजवळ. अगदी लागून नको. एका माणसाची जागा सोडून.

चला, करा आता ती ओळ. मी उभी असेपर्यंत तुमचा हात चालायचा नाही, बळीरामभाऊ. जाते मी.