शनिवारचा डोस

सगळ्यांच्या तब्येतीसाठी म्हणून आमच्या घरी मी तेल-तूप बंद केलं होतं. त्या बंदीचं पुढे काय झालं ते ऐका. आईचे पाय इतके दुखायला लागले, की शेतात झेंडू तोडणं होईना. व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक डोस लिहून दिला. अकोल्यात मेडिकलवर आई विचारते, "भाऊ, उपासाले कोनतं चालते?"

मेडिकलवाला म्हणाला, "मावशी, कॅप्सूलचं कवच जनावरापासून बनते. पावडरचं पाकीट घ्या."

"दे मंग. शनिवारच्या उपासाले घेत जाईन, म्हणजे इसरनार नाही."

मी वैतागले. "आई, उपाशीपोटी घेऊन ते अंगी लागत नाही. तेला-तुपाच्या जेवणावर घ्यायचं असतं."

आई माझ्याकडे वळली. "तुया राज्यात तसं जेवन शनिवारीच भेटते वं. उपासाच्या खिचडीतले शेंगदाने अन् तूप तेवढे तू बंद नाही केले."

"मंग शनिवारच बराबर आहे," मेडिकलवाल्याने निकाल दिला.

आई आता पुन्हा झेंडू तोडते. बाबांनीही शनिवार धरलाय. त्यांचं व्हिटॅमिन डी अगदी ठीक आहे.